घरगुती केकसाठी पहिली गिऱ्हाइकं कशी मिळवायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या होम बेकरसाठी

बेळगावात, खानापुरात, निपाणीत आज गल्लीगल्लीत सुंदर केक करणाऱ्या बायका आणि मुली आहेत. क्लास झालेला असतो, ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेतलेला असतो, नोझलचा डबा भरलेला असतो. तरी केक घरच्यांच्या वाढदिवसापुरताच राहतो, कारण पैसे देणारं पहिलं माणूस कुठून आणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. हा लेख तेवढ्याच प्रश्नावर आहे.

पहिली दहा-पंधरा गिऱ्हाइकं तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. त्यांच्या घरी केक कधी लागणार हे तारखेनं आधीच ठरलेलं असतं. ती तारीख बेकरीच्या आधी तुम्हाला कळली पाहिजे. खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या एका कामाच्या तयारीसाठी आहेत.

आधी तीनच केक पक्के करा

वीस फ्लेवरची यादी टाकू नका. तीन केक असे निवडा, जे डोळे मिटून केले तरी दर वेळी सारखेच होतील. चॉकलेट ट्रफल लागतोच. दुसरा फळाचा ठेवा, अननस किंवा हंगामात आंबा. तिसरा असा असावा की लोकांनी तुमच्या नावानं मागितला पाहिजे.

तिसऱ्यासाठी माझी सूचना कुंद्याची. दूध आटवून केलेला बेळगावचा कुंदा घरोघरी आवडीनं खाल्ला जातो. व्हॅनिला स्पंजच्या दोन थरांमध्ये चुरलेला कुंदा आणि वर हलकं क्रीम, एवढ्यावर एक वेगळा केक उभा राहतो. कुंदा मुळातच गोड असतो, म्हणून साखरपाण्याऐवजी स्पंजवर साधं दूध शिंपडा आणि क्रीममध्ये वेगळी साखर घालू नका. हा केक दुधाचा आहे. फ्रिजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायला हवा, आणि हे गिऱ्हाइकाला केक देतानाच सांगा.

तिन्ही केक बिनअंड्याचे करा. आपल्या भागात लिंगायत, जैन आणि ब्राह्मण घरं पुष्कळ आहेत. मांसाहार करणाऱ्या मराठा घरांतही सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा अख्खा श्रावण पाळला जातो. वाढदिवस वार बघून येत नाही. अंड्याचा केक करायचाच असेल तर तो फक्त मागणीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि तसं स्पष्ट सांगून. चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांची ऑर्डर असेल तर जिलेटिनचंही बघा, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. काही ग्लेझमध्ये, मार्शमॅलोमध्ये आणि फाँडंटमध्ये (सजावटीसाठी मळलेल्या साखरेच्या गोळ्यात) ते असतं. पाकिटावर हिरवी खूण आहे का ते तपासा आणि पाकीट दाखवायची तयारी ठेवा. अशा एका घरात विश्वास बसला की पुढच्या चार घरांत तुमच्यासाठी तेच लोक बोलतात.

दर: भेट द्या किंवा पूर्ण पैसे घ्या

सगळ्यात जास्त गाडी इथे अडते. दर सांगताना आवाज खाली जातो, आणि समोरचं माणूस नात्यातलं असेल तर आकडाच तोंडातून निघत नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या आधी हिशेब कागदावर मांडा.

समजा अर्धा किलोचा ट्रफल आहे. प्रीमिक्स (केकचं तयार पीठ), क्रीम, चॉकलेट, तेल-दूध मिळून साहित्य १४० रुपये. बोर्ड, बॉक्स, मेणबत्ती, प्लास्टिकची सुरी ३५. वीज आणि वाया जाणारं क्रीम १५. दोन हजार वॅटचा ओटीजी पाऊण तास सलग चालला तरी दीड युनिटच्या वर वीज जात नाही, त्यामुळे त्याची भीती नको. उरला तुमचा वेळ. बाजार, बेकिंग, आयसिंग आणि भांडी मिळून दोन तास धरले आणि तासाला ८० रुपये लावले तर १६०. एकूण ३५० झाले. साहित्याचे आकडे तुमच्या दुकानातले घाला, पण वेळाची ओळ खोडू नका. ती खोडली की हौस आणि धंदा यांत फरक उरत नाही आणि सहा महिन्यांत दमून सगळं बंद होतं.

एक किलोला साहित्य दुप्पट लागतं, वेळ दुप्पट लागत नाही. त्यामुळे एक किलोचा दर अर्ध्या किलोच्या दुपटीपेक्षा थोडा कमी ठेवता येतो. फाँडंटची बाहुली, फोटो केक, दोन मजली थीम या कामांचा दर वेगळा. तिथे हाताचं काम किती तास चालणार यावर दर लावा, वजनावर लावू नका.

आता नातेवाईक. माझं मत पक्कं आहे: जवळच्या माणसाला केक भेट म्हणून द्या, नाहीतर पूर्ण पैसे घ्या. अर्धे पैसे घेऊ नका. भेटीचं कौतुक होतं. पूर्ण दराला मान मिळतो. अर्धा दर मात्र गल्लीभर पसरतो आणि तोच तुमचा दर होऊन बसतो. मग "तुमच्या जाऊबाईंना तर दोनशेला दिलात" हे ऐकावं लागतं. आत्याच्या, मावशीच्या घरी वर्षातून एक केक प्रेमानं न्या, आणि त्याच वेळी मोकळेपणानं सांगा: "हा माझ्याकडून. बाहेरच्या कुणाला हवा असेल तर साडेतीनशे घेते." आत्या पुढे चार जणींना तोच आकडा सांगते.

नोंदणी: एका बैठकीचं काम

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरातून केक विकणाऱ्यांनाही एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते. छोट्या धंद्याला मोठ्या परवान्याची गरज नसते, साधी नोंदणी पुरते. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतो. फोटो आणि ओळखपत्र हाताशी ठेवा, फी अगदी किरकोळ आहे. नोंदणी झाली की चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो बॉक्सवरच्या स्टिकरवर छापा. शाळा, कारखाना किंवा दवाखान्यातली ऑर्डर घ्यायला गेलात की हा क्रमांक उपयोगी पडतो. बिनअंड्याच्या केकला हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका लावा. आपल्याकडच्या नियमांत अंड्याचा केक मांसाहारी धरला जातो, म्हणून त्यावर हा ठिपका चालत नाही.

केकच्या पैशांसाठी वेगळं बँक खातं उघडून यूपीआय त्याला जोडा. घरखर्च आणि केकचे पैसे एकाच खात्यात फिरले की किती उरलं ते कधीच कळत नाही.

तारखांची वही

शंभर पानी वही घ्या. एकेका महिन्याला आठ पानं सोडा. प्रत्येक ओळीत नाव, प्रसंग, तारीख, अंडं चालतं की नाही, आणि घरात निर्णय कुणाचा, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुलाच्या वाढदिवसाचा केक आई ठरवते, आजोबांच्या पंचाहत्तरीचा बहुधा सून किंवा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. निरोप त्याच माणसाकडे गेला पाहिजे.

तारखा मिळवायला कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस त्यालाच तोंडपाठ असतात. इमारतीच्या, भिशीच्या आणि महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणाला ना कुणाला शुभेच्छा येतात. त्या दिवशी केक विकायला उशीर झालेला असतो, पण पुढच्या वर्षासाठी तारीख हाती लागते. ती लगेच उतरवून घ्या.

लग्नाचे वाढदिवस घोळक्यानं येतात. लग्नं मुहूर्तांवर लागतात. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस आणि एप्रिल-मे हे मोठे हंगाम, त्यामुळे लग्नाचे वाढदिवसही त्याच महिन्यांत गर्दी करतात. त्या आठवड्यांत क्रीम आणि बॉक्स आधीच जास्त आणून ठेवा. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन यांची वेगळी पानं करा. अशा कार्यक्रमांना दोन-तीन किलोचा केक लागतो, पाहुणे पन्नासच्या वर असतात, आणि त्यातला प्रत्येक जण उद्याचं गिऱ्हाईक असू शकतो. डोहाळजेवण आणि बारसं यांच्या तारखा मात्र शेजारीपाजारी बोलण्यातच कळतात. तिथे घाई करू नका. घरचे स्वतः बोलले की मगच विचारा.

आणखी एक गोष्ट. खेड्यांकडे जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख सर्रास लिहिली जायची. फेसबुकवर १ जूनला ज्यांचे वाढदिवस दिसतात, त्यांतल्या अनेकांचे ते कागदावरचेच असतात. घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांना निरोप पाठवू नका.

आता खरं काम. तारखेच्या सात-आठ दिवस आधी एक निरोप जातो. सगळ्यांना तोच मजकूर पाठवू नका. त्या घरासाठी, त्या माणसासाठी लिहा:

"वहिनी, पुढच्या गुरुवारी आरवचा वाढदिवस ना? गुरुवार आहे म्हणून बिनअंड्याचाच करीन. ट्रफल अर्धा किलो ३५०, नाव घालून, संध्याकाळी पाचला घरी आणून देते. मंगळवारपर्यंत सांगितलंत तर बरं पडेल."

यात दिवस, चव, दर, वेळ आणि उत्तर कधीपर्यंत हवं हे सगळं आलं. समोरच्याला फक्त हो म्हणायचं उरतं. नाही म्हणाल्या तर "बरं वहिनी, आरवला आशीर्वाद" एवढं लिहून थांबा आणि वहीत नोंद करा. त्याच घराला त्या वर्षी पुन्हा विचारू नका.

चव दाखवायची ती हळदी-कुंकवाला

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ नव्या होम बेकरसाठी वर्षातला सगळ्यात चांगला. रोज संध्याकाळी टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात, अनगोळात कुणाच्या तरी घरी बायका जमतात. केक कापायचा निर्णय ज्यांच्या हातात असतो त्या पंचवीस-तीस जणी एका खोलीत बसलेल्या असतात.

जिच्याकडे हळदी-कुंकू आहे तिला आधी विचारा: "तिळगुळाबरोबर माझ्याकडून केकचा एकेक घास ठेवू का?" कागदी वाटीत पंचवीस ग्रॅमचा चौकोन पुरतो. एक किलोच्या केकमध्ये असे चाळीस होतात, म्हणजे एका केकच्या साहित्यात पूर्ण गल्लीला चव कळते. दोनच प्रकार ठेवा, ट्रफल आणि कुंदा. स्वतः हजर राहा. वाटीबरोबर छोटं कार्ड द्या: नाव, फोन, तीन केक, तीन दर. कार्डावर दर नसेल तर लोक विचारायला लाजतात आणि फोन येत नाही.

एवढ्यावर थांबू नका. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडे पुढचा वाढदिवस कुणाचा?" बायका आनंदानं सांगतात. घरी आल्यावर वही भरा. एका संध्याकाळी दहा तारखा मिळाल्या तर त्या वाटलेल्या केकची किंमत वसूल झाली समजा. फुकट घास एकदाच द्यायचा, तो तारखांच्या बदल्यात. त्यानंतर फुकट काही नाही.

फोनवरचं काम

व्हॉट्सअॅपचं स्टेटस तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच दिसतं. ब्रॉडकास्टचा निरोपही त्यांनाच जातो. म्हणून कार्ड देताना समोरच नंबर सेव्ह करायला सांगा, नाहीतर तुम्ही रोज स्टेटस टाकाल आणि ते बघणारी माणसं तीच घरची. व्हॉट्सअॅप बिझनेस वेगळ्या नंबरवर घ्या आणि कॅटलॉगमध्ये तीन केक दरासकट टाका.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, साध्या रंगाच्या भिंतीसमोर काढा. इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याचा फोटो कधीही लावू नका. गिऱ्हाईक तोच केक मागतं, आणि हातात वेगळा पडला की विश्वास जातो. गुगलवर बिझनेस प्रोफाइल काढताना घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. बाईमाणसाला हे सोयीचं आहे. पहिल्या पाच गिऱ्हाइकांना तिथे दोन ओळी लिहायची विनंती करा. इन्स्टाग्राम हवं तर चालू ठेवा, पण पहिल्या महिन्यांत रील बनवण्यात जाणारा वेळ वहीला दिला तर जास्त मिळतं.

केकवर नाव लिहिण्याचं कसब

आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी आणि कानडी घरं शेजारी असतात, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलाला नाव इंग्रजीत हवं असतं. या तिन्ही लिप्या केकवर नीट लिहिणारी बेकरी सहसा सापडत नाही. इथे तुम्ही पुढे जाऊ शकता.

बटर पेपरवर रोज सराव करा. देवनागरी लिहिताना आधी अक्षरं काढा, शिरोरेघ शेवटी एका दमात ओढा, म्हणजे ती सरळ येते. जोडाक्षरांना जागा जास्त लागते, "प्रज्वल" लिहायचं तर आधी टूथपिकनं क्रीमवर फिकट आखून घ्या. कानडी अक्षरं गोल असल्यानं बारीक गोल नोझलमधून छान वाहतात. कानडी येत नसेल तर शेजारच्या अक्कांकडून "हुट्टुहब्बद शुभाशयगळु" (वाढदिवसाच्या शुभेच्छा) लिहून घ्या आणि ते गिरवा. त्या अक्काच तुमचं पहिलं कानडी गिऱ्हाईक होण्याची शक्यता मोठी आहे. स्टेटसवरही कधीतरी "तत्ती इल्लद केक", म्हणजे बिनअंड्याचा केक, असं टाका.

नाव काढण्याआधी ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागवा आणि त्यावर होकार घ्या. फोनवर ऐकून लिहू नका.

गल्लीच्या बाहेर

पहिले काही केक गेले की मगच बाहेर बघा. ज्यांचा दिवसभरात अनेक घरांशी संबंध येतो अशी माणसं शोधा: ब्युटी पार्लरवाली, मेंदी काढणारी, फुग्यांची सजावट करणारे, फोटोग्राफर. पिग्मी (रोजच्या बचतीचे पैसे) गोळा करणारे काका रोज बाजारातल्या प्रत्येक दुकानात जातात आणि कुणाकडे काय कार्य आहे हे त्यांना माहीत असतं. या लोकांना प्रत्येक ऑर्डरमागे कमिशन देऊ नका, ते दरात मिसळतं आणि गिऱ्हाइकाला खटकतं. त्यांच्या घरच्या वाढदिवसाला मनापासून एक केक द्या. ती आठवण जास्त टिकते.

कॉलेजच्या मुलांना रात्री बाराला कापायला छोटा केक हवा असतो आणि खिशात पैसे कमी असतात. उद्यमबागेकडे किंवा नेहरूनगरात राहत असाल तर हॉस्टेलवाल्यांसाठी अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, छोट्या डब्यात मावणारा बेंटो केक ठेवा. पैसे आधी घ्या, आणि केक संध्याकाळीच नेऊ द्या. बाराला दारात कुणी येणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत ऑफिस सांभाळणाऱ्यांना भेटा. काही ठिकाणी महिन्याभरातले वाढदिवस एकदाच साजरे होतात, म्हणजे दर महिन्याला एक ठरलेली ऑर्डर. डिसेंबरात कॅम्प आणि खानापूरकडच्या ख्रिस्ती घरांत प्लम केकची मागणी असते, त्यासाठी सुकामेवा कित्येक आठवडे आधी भिजत घाला.

चंदगड किंवा कोल्हापूरची ऑर्डर आली तर

चंदगड महाराष्ट्रात असलं तरी आपल्याला परकं वाटत नाही. तिथली माणसं बाजाराला बेळगावातच येतात. जीएसटी कायद्याला मात्र मध्ये राज्याची हद्द दिसते. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकून पोचवला तर तो आंतरराज्य पुरवठा होतो, आणि तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणीची अट येते. म्हणून सुरुवातीला हद्दीपलीकडे केक स्वतः पाठवू नका. पाहुणे बेळगावात येऊन घेऊन जात असतील तर तसं ठरवा, आणि अशा ऑर्डरी नेमानं येऊ लागल्या की एखाद्या करसल्लागाराला विचारून घ्या.

पोचवणं

आपला पाऊस लक्षात घेऊन केक ठरवा. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की फाँडंटला पाणी सुटतं, बाहुल्या वाकतात. त्या महिन्यांत क्रीमची फुलं आणि चॉकलेटचं काम सुचवा. फाँडंट हवाच म्हणाले तर त्यात थोडी टायलोज पावडर (फाँडंट घट्ट करणारी) मळा, बाहुली दोन दिवस आधी वाळवा, फ्रिजमध्ये ठेवू नका आणि द्यायच्या वेळीच केकवर बसवा. एप्रिल-मेमध्ये चिकोडी, अथणीकडे कडक ऊन असतं. तिकडे क्रीमचा केक दुपारी नेऊ नका. क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हे गिऱ्हाइकाला लिहून कळवा.

स्कूटरवर केक मांडीवर धरून बसणारं दुसरं माणूस लागतं. रेल्वे फाटक, मिरवणूक, गणेशोत्सवाची गर्दी यांचा वेळ धरून निघा. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री शहराच्या मध्यभागातली ऑर्डर घेऊ नका, किंवा दुपारीच पोचवा.

सजावटीला परसातली फुलं लावायचा मोह होतो. कण्हेर विषारी आहे, ती केकजवळही नको. गुलाब लावायचे तर फवारणी न केलेले, आणि देठ गुंडाळून. चमकी वापरताना डब्यावर ती खाण्यायोग्य असल्याचं लिहिलेलं बघा. नुसतं "नॉन-टॉक्सिक" लिहिलेली चमकी खाण्यासाठी नसते.

ऑर्डर झाल्यावर

ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या, ओळखीच्यांकडूनही. "साहित्य आणायचंय, निम्मे पाठवता का?" एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा आणि "केक आवडला का?" असं न विचारता "गोड जास्त झाला का, क्रीम कमी हवं होतं का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे छान म्हणतात, दुसऱ्याला खरं उत्तर मिळतं. ते उत्तर वहीत त्या घराच्या ओळीत लिहा. पुढच्या वर्षी निरोप पाठवताना "मागच्या वेळी गोड जास्त वाटला होता, यंदा कमी करते" असं लिहिता आलं, तर ते घर दुसरीकडे सहसा जात नाही.

एका दिवसात किती केक झेपतात हे लवकर ठरवा. घरचा एक ओटीजी, एक फ्रिज आणि दोन हात असताना सजावटीचे दोन केक हा एका दिवसाचा प्रामाणिक आकडा आहे. तिसऱ्याला "त्या दिवशी भरलंय, आदल्या संध्याकाळी तयार करून दिला तर चालेल का?" असं विचारा. क्रीमचा केक फ्रिजमध्ये रात्रभर छान राहतो, आणि बरेच जण हो म्हणतात.